रेवडीचा सदरा आणि आठ चिंचोके

ओढ्याकाठी होती एक आमराई. आमराईत होता एक वाकडा आंबा. वाकड्या आंब्याच्या ढोलीत राहायची एक खार. तिचं नाव रेवडी.

रेवडी केवढी? मुठीत मावेल एवढी.
शेपूट केवढं? रेवडीएवढंच.

रेवडी चालायची नाही. रेवडी पळायची. सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

आमराईचं एक लेझीम पथक होतं. पथकात ससा होता, शेळी होती, माकड होतं, रेडकू होतं. आणि ओळीच्या अगदी शेवटी रेवडी होती. तिची लेझीम होती वाळक्या शेंगेची. हलवली की वाजायची. छनक छनक छन्.

पथकाचा म्होरक्या होता बोकडदादा. दाढी लांब, शिंगं मोठी, आवाज त्याहून मोठा.

मेळा जवळ आला. रानातली सगळी पथकं मेळ्याला येणार होती. बोकडदादानं ठरवलं, यंदा सगळ्यांना एकसारखे सदरे. पांढरा सदरा, त्यावर पिवळा आंबा छापलेला. शेळी म्हणाली, मग प्रत्येकाची मापं घ्यायला हवीत.

"मापं कशाला?" बोकडदादा म्हणाला. "माझं माप तेच पथकाचं माप."

तो बाजारात गेला. स्वतःचं माप दिलं. पाठीवर गठ्ठा टाकून आला.

सशानं सदरा घातला. बाह्या दुमडल्या. चाललं.
माकडानं सदरा घातला. कमरेला गाठ मारली. चाललं.
रेडकानं सदरा घातला. पोटावर ताणला. चाललं.
रेवडीनं सदरा घातला. आणि रेवडी कुठे गेली?

गळ्यातून पाहिलं. नाही. खिशात पाहिलं. नाही. मग एक बाही हलली. बाहीतून आलं नाक. नाकामागून आली रेवडी. शेपूट आतच अडकलं.

सगळे हसले. रेवडीही थोडीशी हसली. बोकडदादा मात्र खाकरला.

"अंगाला सदरा नाही, तर ओळीत जागा नाही. पुढच्या वर्षी बघू."

रेवडीचं हसू गेलं. शेपूट खाली आलं. पुढचं वर्ष किती लांब. तिला तर याच मेळ्यात नाचायचं होतं. याच ओळीत. मग आपल्या मापाचा सदरा मिळवायलाच हवा.

तिनं शेपटीनं डोळे पुसले. शेळीला विचारलं, मेळ्याला किती दिवस? शेळी म्हणाली, मधे आठ दिवस, नवव्या सकाळी मेळा.

रेवडी ढोलीत गेली. साठवणीतले चिंचोके काढले. फांदीवर ओळीनं मांडले. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. आठ दिवस, आठ चिंचोके. एक दिवस गेला की एक चिंचोका जाणार.

ससा खालून म्हणाला, आठ दिवस म्हणजे पुष्कळ, चल लपाछपी खेळू. रेवडी म्हणाली, आज नको. तिनं पहिला चिंचोका उचलला. ढोलीत टाकला. टप्. आणि निघाली.

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

कुंपणावर बसला होता सरडोबा. सरडोबा कापड छापायचा. ठसा रंगात बुडवायचा, कापडावर टेकवायचा. थप्प.

"सरडोबा, सरडोबा, सदरा छाप ना.
रेवडीला ओळ मिळेना."

सरडोबानं मान खालीवर केली.

"छापीन की. पण कशावर छापू? आधी शिंपिणीकडून सदरा शिवून आण."

वर त्यानं सांगून ठेवलं, रंग वाळायला दिवसभराचं ऊन लागतं. मेळ्याच्या सकाळी आलीस, तर ओला आंबा मिळेल.

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

झुडपात होती शिंपीणताई. एवढंसं पाखरू, पण चोच कशी सुईसारखी. दोन पानं टाचून तिनं घर शिवलं होतं. टुविट टुविट.

"शिंपीणताई, शिंपीणताई, सदरा शिव ना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

शिंपीणताईनं मान तिरकी केली.

"शिवीन की. पण कोरं कापड मी शिवत नाही. कोरं कापड पाण्यात पडलं की आटतं. आधी परिटाकडून कापड भिजवून आण."

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

ओढ्यातल्या दगडावर होता परीटदादा. काळापांढरा पक्षी, शेपूट सारखं वरखाली. थिरक थिरक.

"परीटदादा, परीटदादा, कापड भिजव ना.
परीट भिजवेना, तर शिंपीण शिवेना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

परीटदादानं शेपूट वरखाली केलं.

"भिजवीन की. पण कापड कुठाय? आधी कोळीआजीकडून कापड विणून आण."

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

दोन फांद्यांच्या मधे होती कोळीआजी. आठ पाय, आठ डोळे. सूत तर तिच्या पोटातच.

"कोळीआजी, कोळीआजी, कापड विण ना.
कोळीआजी विणेना, तर परीट भिजवेना.
परीट भिजवेना, तर शिंपीण शिवेना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

कोळीआजीनं दोन पाय कपाळाला लावले.

"विणीन की. पण माझा धोटा मोडला."

धोटा म्हणजे लाकडाची इवलीशी होडी. पोटात सूत घेते, इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. धोटा नाही तर कापड नाही.

"आधी सुताराकडून नवा धोटा घडवून आण."

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

सागाच्या खोडावर होता सुतारकाका. डोक्यावर लाल तुरा. लाकडावर चोच मारत होता. पण ठक ठक वाजेना. नुसतं थब थब वाजत होतं.

"सुतारकाका, सुतारकाका, धोटा घडव ना.
सुतार घडवेना, तर कोळीआजी विणेना.
कोळीआजी विणेना, तर परीट भिजवेना.
परीट भिजवेना, तर शिंपीण शिवेना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

सुतारकाकानं चोच पुढे केली.

"घडवीन की. पण बघ, चोच किती बोथट झाली. आधी तांबटाला धार लावायला सांग."

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

उंच फांदीवर होता तांबटमामा. हिरवं अंग, लाल कपाळ. त्याच्यापाशी धारेचा दगड होता. रोज तो टुक टुक टुक करायचा. आज गप्प होता.

"तांबटमामा, तांबटमामा, धार लाव ना.
तांबट धार लावेना, तर सुतार घडवेना.
सुतार घडवेना, तर कोळीआजी विणेना.
कोळीआजी विणेना, तर परीट भिजवेना.
परीट भिजवेना, तर शिंपीण शिवेना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

तांबटमामानं पोटावरून पंख फिरवला.

"लावीन की. पण पोटात काही नाही, तर हातात जोर नाही. आधी उंबराकडून गोड उंबरं आण."

सुर्र सुर्र, झुपुक. रेवडी दमली. सुर्र... सुर्र... झुपुक.

उन्हं कलली होती. ओढ्याच्या वळणावर उभं होतं उंबराचं झाड. जुनं, जाडजूड, शांत. खोडालाच उंबरं लगडलेली. सगळी हिरवीगार.

"उंबरबाबा, उंबरबाबा, उंबरं दे ना.
उंबर पिकेना, तर तांबट धार लावेना.
तांबट धार लावेना, तर सुतार घडवेना.
सुतार घडवेना, तर कोळीआजी विणेना.
कोळीआजी विणेना, तर परीट भिजवेना.
परीट भिजवेना, तर शिंपीण शिवेना.
शिंपीण शिवेना, तर सरडोबा छापेना.
सरडोबा छापेना, तर रेवडीला ओळ मिळेना."

उंबराची पानं नुसती सळसळली. रेवडीला धीर धरवेना. तिनं एक हिरवं उंबर तोडलं. चावलं. आतून निघाला पांढरा चीक. ओठ चिकटले. पंजे चिकटले. म्म्म्. म्म्म्.

उंबर पानातल्या पानात हसलं.

"उंबरं देईन की. पण आज ती कच्ची आहेत."

रेवडीनं ओठ कसेबसे सोडवले. तिनं विचारलं, मग आता कुणाकडे जाऊ?

"कुणाकडेच जाऊ नकोस. उंबराला दुसरं काही लागत नाही. उंबराला फक्त एक दिवस लागतो. उद्या दिवसभर ऊन खाईल, परवा सकाळी पिकेल. आहे का तुझ्याकडे एक दिवस?"

रेवडीचं शेपूट हळूच वर आलं.

"एक?" ती म्हणाली. "माझ्याकडे सात आहेत."

दुसरा दिवस उजाडला. रेवडीनं दुसरा चिंचोका उंबराच्या मुळाशी ठेवला. टप्. हा दिवस उंबराचा. राहिले सहा.

तिनं पुन्हा मोजले. मग तिला एक विचार पडला. उद्या तांबटमामा घरी नसला तर? परवा सुतारकाका दुसऱ्या कुणाच्या कामात असला तर? मेळा काही एकट्या आमराईचा नव्हता.

ससा पुन्हा आला. म्हणाला, अजून पुष्कळ दिवस आहेत, चल लपाछपी. रेवडी म्हणाली, आज तर मुळीच नको. तिनं सहाही चिंचोके उचलले.

सुर्र सुर्र, झुपुक. सुर्र सुर्र, झुपुक.

"तांबटमामा, हा चिंचोका तुझा. उद्याचा दिवस माझा."
"सुतारकाका, हा चिंचोका तुझा. परवाचा दिवस माझा."
"कोळीआजी, हा चिंचोका तुझा. तेरवाचा दिवस माझा."

त्याच्या पुढचा दिवस परिटाचा. त्याच्याही पुढचा शिंपिणीचा. आणि अगदी शेवटचा सरडोबाचा. सगळ्यांनी चिंचोके ठेवून घेतले. कोळीआजीनं तर तो जाळ्यातच बांधून ठेवला. डोळ्यांसमोर राहिला, की विसरायला नको.

तिसरा दिवस उजाडला. उंबरं पिकली होती. लाल लाल, गोड गोड. टपक, एक पडलं. टपक, दुसरं पडलं. रेवडीनं ती तांबटमामाला नेऊन दिली. मामानं पोटभर खाल्ली. ढेकर दिली. सुतारकाका आलाच होता. चोच दगडावर धरली. खर्र खर्र, खर्र खर्र. टुक टुक टुक.

तांबटानं धार लावली.

चौथा दिवस उजाडला. सुतारकाकानं सागाचा तुकडा घेतला. ठक ठक ठक. आता कसं खणखणीत वाजलं. भुसा उडाला. भुशातून निघाली इवलीशी होडी.

सुतारानं धोटा घडवला.

पाचवा दिवस उजाडला. कोळीआजीनं धोट्यात सूत भरलं. धोटा इकडे, धोटा तिकडे. खटक खटक, खटक खटक. मधेच आजीला डुलकी लागली. रेवडीनं हळूच चिंचोका हलवला. आजी जागी झाली. खटक खटक, खटक खटक.

कोळीआजीनं कापड विणलं.

सहावा दिवस उजाडला. परीटदादानं कापड ओढ्यात बुचकळलं. आपटलं. धपाक धपाक. पिळलं, झटकलं, दगडावर पसरलं. संध्याकाळी पाहतात तर काय, कापड बोटभर आखूड. रेवडी घाबरली. परीटदादानं तिला समजावलं, आटायचं ते आजच आटलं, आता कधी आटायचं नाही.

परिटानं कापड भिजवलं.

सातवा दिवस उजाडला. शिंपीणताईनं गवताची काडी घेतली. रेवडीची मान मापली. हात मापले. पोट मापलं, तेव्हा रेवडीला गुदगुल्या झाल्या. मग शिंपीणताईनं विचारलं, शेपटीला वाट किती मोठी ठेवू?

शेपटीला वाट. हे तर आजवर कुणीच विचारलं नव्हतं. रेवडीला इतकं बरं वाटलं, की ती पाच वेळा गोल फिरली. शिंपीणताईला माप पाच वेळा घ्यावं लागलं. टुविट टुविट, टाका टाका. टुविट टुविट, टाका टाका.

शिंपिणीनं सदरा शिवला.

आठवा दिवस उजाडला. उद्या मेळा.

सदरा डोक्यावर घेऊन रेवडी कुंपणापाशी आली. आणि थांबली. कुंपणापाशी ही गर्दी. बदकांचं पथक होतं. मोरांचं पथक होतं. ओढ्यापलीकडच्या म्हशी होत्या. उद्या मेळा आहे हे सगळ्यांना आजच आठवलं होतं. माझं आधी, माझं आधी, असा नुसता कालवा चालला होता.

तेवढ्यात सगळ्यांना शिंगांनी बाजूला सारत आला बोकडदादा. त्याच्या पाठीवर मोठं पांढरं कापड. पथकाचं निशाण छापायचं राहून गेलं होतं.

"आधी माझं," बोकडदादा म्हणाला. "मोठ्यांचं काम मोठं."

म्हशींच्या पायांतून रेवडी कुणाला दिसेना. तिचा आवाज कुणाला ऐकू येईना. मग ती कुंपणावर चढली. सरडोबासमोर उभी राहिली. सदरा पुढे धरला.

सरडोबानं रंगाचं भांडं बाजूला केलं. भांड्याखालून चिंचोका काढला. सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"हा चिंचोका सहा दिवसांपूर्वी आला," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही कुठे होता? आजचा पहिला ठसा रेवडीचा."

गर्दी दोन पावलं मागे सरली.

ठसा रंगात बुडाला. ठसा सदऱ्यावर टेकला. थप्प.

पांढऱ्या सदऱ्यावर पिवळाधमक आंबा. देठासकट, पानासकट.

सरडोबानं सदरा छापला.

रेवडीनं सदरा उन्हात टाकला. दिवसभर शेजारी बसून राहिली. माशी आली, हाकलली. पान पडलं, उचललं. उन्हं उतरली तेव्हा रंग खडखडीत वाळला होता.

बाकीचे ओळीनं उभे राहिले. बदकं झाली, मोर झाले, म्हशी झाल्या. बोकडदादाचा नंबर शेवटी आला. निशाण छापून झालं आणि सूर्य डोंगरामागे गेला. सरडोबानं बजावलं, ओलं आहे, घडी घालू नका. बोकडदादाला कसली सवड. त्यानं घडी घातली आणि गेला.

मेळ्याची सकाळ झाली. ढोल घुमला. ढुम ढुम ढुमाक.

मैदानाच्या दाराशी होती कासवीणबाई. ती प्रत्येक पथकाला थांबवायची. निशाण बघायची. मगच आत सोडायची. निशाण उंच हवं, सगळ्या मैदानाला दिसायला हवं, असा मेळ्याचा नियम.

बदकं आत गेली. मोर आत गेले. म्हशी आत गेल्या. आमराईचं पथक आलं. बोकडदादानं निशाण उलगडलं. चर्रर्र. चिकटलेलं कापड सुटलं. आंबा कुठे होता? आंब्याचा झाला होता बटाटा. पिवळा, पसरट, डागाडागांचा बटाटा.

कासवीणबाईनं मान आत घेतली. मान बाहेर काढली. ती म्हणाली, बटाट्याचं पथक आमच्या यादीत नाही.

सगळे खाली बघू लागले. शेळी म्हणाली, आपल्या सदऱ्यांवर आंबा आहे की. कुणीतरी उंच उभं राहा, तेच निशाण.

ससा बोकडदादाच्या शिंगावर चढला. घसरला. धप्प.
माकड चढलं. बोकडदादाची मान वाकली. धप्प.
रेडकू पुढे आलं. बोकडदादा दोन पावलं मागे सरला.

मग सगळ्यांनी रेवडीकडे पाहिलं. सदरा अंगाला कसा छान बसलेला. गळा नेमका, बाह्या नेमक्या. शेपूट आपल्या वाटेनं बाहेर. आणि पोटावर पिवळाधमक आंबा.

बोकडदादानं मान खाली घातली. इतकी खाली, की दाढी मातीला लागली.

"रेवडी," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज लहान होता. "चढशील का गं?"

सुर्र सुर्र, झुपुक.

रेवडी शिंगाच्या टोकावर उभी राहिली. उंचच उंच. वारा आला. शेपूट फडफडलं. ओळीच्या मागे नाही. ओळीच्या मधे नाही. साऱ्या ओळीच्या पुढे, साऱ्या ओळीच्या वर.

कासवीणबाईनं दार उघडलं.

छनक छनक छन्. छनक छनक छन्. आमराईचं पथक आत आलं. सारं मैदान उठून उभं राहिलं. गर्दीत सरडोबा होता, मान खालीवर करत होता. शिंपीणताई होती. परीटदादा थिरकत होता. कोळीआजी आठही पायांनी टाळ्या वाजवत होती. आणि सगळे आपापल्या शेजाऱ्याला सांगत होते,

उंबर पिकलं, तर तांबटानं धार लावली.
तांबटानं धार लावली, तर सुतारानं धोटा घडवला.
सुतारानं धोटा घडवला, तर कोळीआजीनं कापड विणलं.
कोळीआजीनं कापड विणलं, तर परिटानं भिजवलं.
परिटानं भिजवलं, तर शिंपिणीनं शिवलं.
शिंपिणीनं शिवलं, तर सरडोबानं छापलं.
सरडोबानं छापलं, तर रेवडीला ओळ मिळाली.

शिंगाच्या टोकावर रेवडी नाचत होती. बोकडदादा तिला सांभाळत सांभाळत पावलं टाकत होता. ती डावीकडे झुकली की तो डावीकडे. ती उजवीकडे झुकली की तो उजवीकडे. छनक छनक छन्.

शेवटचा टाका घातला. दोरा दातानं तोडला. गोष्ट अंगाला बसली का? बसली तर झोपा.